न-ड-न आणि ड-न-ड : एकाच घटकांच्या साखळ्या पाण्यात वेगळ्या का वागतात (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी

प्रश्न आज फळ्यावर लिहून ठेवला. दोन मोनोमर (ज्यांच्या जोडणीतून पॉलिमरची साखळी बनते ते सुटे रेणू) तेच, त्यांचं प्रमाण तेच, साखळीची लांबीही तीच, बदलायची ती फक्त मांडणी. मग द्रावणातलं वागणं किती बदलतं? बदलतं एवढं पाठ्यपुस्तकातही सापडतं. मला हवंय ते किती, कुठल्या तापमानाला, आणि मुख्य म्हणजे कशामुळे. प्रयोगाची रचनाच अशी हवी की फरक दिसला तर तो मांडणीच्याच नावावर टाकावा लागेल, दुसऱ्या कशावर ढकलता येऊ नये.

मोनोमरची जोडी ठरली : एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइड, म्हणजे निपॅम, आणि एन,एन-डायमिथिलअ‍ॅक्रिलामाइड, म्हणजे डीएमए. वहीत आणि बाटल्यांवर यापुढे फक्त न आणि ड. दोघं रसायनदृष्ट्या जवळचे नातेवाईक आहेत, न चा रेणुभार ११३.१६, ड चा ९९.१३. पण पाण्याशी त्यांचं नातं अगदी निराळं. नुसत्या न ची साखळी थंड पाण्यात छान विरघळते आणि ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास पाण्याबाहेर पडते. हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ मध्ये या वागणुकीचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हापासून हे पॉलिमर तापमान-संवेदी द्रावणांचा नमुना म्हणून वापरलं जातं. ड ची साखळी मात्र पाणी उकळायला लागलं तरी विरघळलेलीच राहते.

या जोडीचा मोठा फायदा असा की तापमान हेच बटण होतं. थंडीत दोन्ही घटक जलप्रेमी, उष्णतेत न पाण्याला नको म्हणतो आणि ड म्हणत नाही. म्हणजे द्रावक बदलायचा नाही, काही मिसळायचं नाही, त्याच बाटलीत आधीची आणि नंतरची अवस्था पाहायची.

११ जानेवारी

आजचा दिवस राफ्ट कारक, म्हणजे साखळ्यांची वाढ काबूत ठेवणारं रसायन, निवडण्यात गेला आणि तो सार्थकी लागला.

राफ्ट पद्धत १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतून पुढे आली. मूलक बहुलीकरण असूनही साखळ्या जवळपास एकाच लांबीच्या मिळतात आणि शेवटी गंधकाचा गट जागेवर शिल्लक राहतो, त्यामुळे पुढचा खंड, म्हणजे एकाच मोनोमरचा सलग तुकडा, जोडता येतो. सर्रास वापरला जाणारा कारक एका टोकाला बारा कार्बनची शेपटी घेऊन येतो. ती आपल्याला नको. साखळी फार लांब नसेल तर तेवढी शेपटीसुद्धा थंड पाण्यात साखळ्यांना एकत्र आणते, ढगाळ होण्याचं तापमान खाली ओढते, आणि मग दिसतंय ते मांडणीचं काम की शेपटीचं, हे सांगता येत नाही.

त्याऐवजी सममित ट्रायथायोकार्बोनेट घ्यायचं. गंधकाचा गट मधोमध, दोन्ही बाजूंना सारख्याच भुजा, भुजांच्या टोकाला कार्बॉक्सिलिक आम्ल. नवा मोनोमर नेहमी गंधकाच्या शेजारी शिरतो, म्हणून आधी घातलेला मोनोमर बाहेर ढकलला जातो आणि नंतर घातलेला मध्यभागी येतो. आधी न, मग ड घातला तर न-ड-न. क्रम उलटा केला तर ड-न-ड. कारक तोच, द्रावक तोच, भट्टीही तीच.

आणि खरी गंमत पुढे आहे. गंधकाचा गट साखळीच्या मध्यावर बसलेला असतो, निदान सरासरीने तरी. प्राथमिक अमाइन घातलं की तो गट तुटतो. म्हणजे प्रत्येक त्रिखंड साखळीत बरोबर मधोमध कापायची खूण आधीच असते. न-ड-न मधोमध कापलं तर न-ड. ड-न-ड मधोमध कापलं तरी न-डच. वजनी प्रमाण जसंच्या तसं राहतं, फक्त जोडणी जाते. मांडणीचा परिणाम तपासायला यापेक्षा सरळ कसोटी मला सुचत नाही.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "कापल्यावर जे थायॉल मिळतील ते हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा जुळतील, त्याचा बंदोबस्त आधी ठरव." थायॉल म्हणजे कापल्यावर उरणारी गंधक-हायड्रोजनची टोकं. ठरवलं : कापताना क्षपणक (ऑक्सिजनने जुळलेली टोकं पुन्हा सोडवणारं रसायन) सोबतच घालायचं, फॉस्फिन वर्गातलं, पाण्यात चालणारं.

२३ जानेवारी

लक्ष्य : प्रत्येक साखळीत सुमारे २०० न आणि २०० ड. म्हणजे रेणुभार ४२,००० च्या थोडा वर. त्रिखंडांची मांडणी १००-२००-१००. तिसरा नमुना यादृच्छिक, दोन्ही मोनोमर सुरुवातीपासून एकत्र.

यादृच्छिक नमुन्याबद्दल थोडं. दोन मोनोमर एकत्र टाकले की ते यादृच्छिकच जोडले जातील असं अजिबात नाही. मायो आणि लुईस यांनी १९४४ मध्ये दिलेलं समीकरण सांगतं की वाढत्या टोकाची पसंती कुणाला आहे यावर क्रम ठरतो. स्टायरीन आणि मॅलिक अ‍ॅनहायड्राइड एकत्र टाकले तर ते जवळजवळ एकाआड एक बसतात, तिथे नशिबावर काहीच सोडलेलं नसतं. न आणि ड यांची परस्परांविषयीची पसंती जवळपास सारखी आहे, म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रमाण फारसं ढळत नाही. ही जोडी निवडण्यामागे हे दुसरं कारण होतं.

खंड-साखळ्यांसाठी कडक नियम : पहिला खंड झाला की ईथरमध्ये अवक्षेप काढायचा, पुन्हा विरघळवून पुन्हा काढायचा, मगच दुसरा मोनोमर. पहिल्याचा उरलेला मोनोमर दुसऱ्या टप्प्यात गेला तर दोन खंडांमधली सीमा पुसट होते, आणि सीमेचा तीव्रपणा हाच तर आपला विषय.

डायलिसिस, म्हणजे पातळ पडद्याच्या पिशवीतून लहान रेणू धुऊन काढणं, थंड खोलीत. तपमान चढलं तर न-खंड असलेले नमुने पिशवीतच गोळा होतील.

४ फेब्रुवारी

तिन्ही नमुने कोरडे, फिकट पिवळे. पिवळेपणा ट्रायथायोकार्बोनेटचा, म्हणजे मधला गट शाबूत आहे याची डोळ्यांना दिसणारी खूण.

एनएमआर (रेणूतले हायड्रोजन ओळखणारी चुंबकीय मोजणी) : न चा आयसोप्रोपिल गटातला एकटा हायड्रोजन ४.० पीपीएमच्या जरा अलीकडे, ड चे नायट्रोजनवरचे मिथिल २.८ ते ३.१ च्या पट्ट्यात. दोन्ही एकमेकांपासून दूर, त्यामुळे प्रमाण मोजायला त्रास नाही. तिन्हींत निम्मे-निम्मे, मोजमापाच्या अचूकतेच्या आत. साखळ्या आकाराप्रमाणे वेगळ्या करणाऱ्या जेल क्रोमॅटोग्राफीत तिन्ही शिखरं अरुंद आणि जवळजवळ एकावर एक. म्हणजे मांडणी सोडून बाकी सगळं सारखं, असं आता म्हणता येईल.

११ फेब्रुवारी

ढगाळपणाची मोजणी. वजनाने ०.१ टक्के द्रावण, पीएच ४ च्या खाली, म्हणजे टोकाची आम्लं बहुतांशी भाररहित राहतील. न-ड-न मध्ये ही आम्लं न-खंडांच्याच टोकाला आहेत. तिथे भार आला तर न-खंड पाण्यात रेंगाळेल आणि तुलना बिघडेल. तापमान मिनिटाला अर्धा अंश चढवलं, क्युव्हेटमधून जाणारा प्रकाश मोजत गेलो.

यादृच्छिक : ३२ अंश आले, गेले, द्रावण स्वच्छ. चाळीस, स्वच्छ. पन्नाशी ओलांडल्यावर कुठे हळूहळू दुधाळ व्हायला लागलं, तेही सावकाश, काही अंशांच्या टप्प्यात पसरून. थंड केलं की परत स्वच्छ.

ड-न-ड : पस्तिशीच्या आत-बाहेर निळसर झाक आली आणि तिथेच थांबली. दुधाळ नाही, गढूळ नाही. बाटलीमागचा कागद वाचता येतो, पण बाजूने पाहिलं की निळसर धुकं. त्यापुढे साठ अंशांपर्यंत काही नाही.

न-ड-न : ड-न-ड पेक्षा थोडा उशीर, मग निळसर, मग खरोखर धूसर. या धूसरपणाचा वेग द्रावण किती घट्ट आहे यावर बराच अवलंबून आहे असं दिसतंय. वेगळी नोंद करायची.

तिन्ही बाटल्या शेजारी-शेजारी पंचेचाळीस अंशांवर ठेवल्या. एक नितळ, एक निळसर, एक धूसर. मूलद्रव्यांचं विश्लेषण केलं तर तिन्हींचं उत्तर एकच येईल. कितीही वेळा वाचलेलं असलं तरी हे समोर पाहताना मी बराच वेळ तिथून हललो नाही.

१४ फेब्रुवारी

यामागचं कारण कागदावर नीट मांडून पाहिलं.

न पाण्यात विरघळतो तो हायड्रोजन बंधांच्या जोरावर. पण आयसोप्रोपिल गटाभोवती पाण्याच्या रेणूंना शिस्तीत उभं राहावं लागतं, आणि शिस्तीची किंमत एन्ट्रॉपीत, म्हणजे विस्कळीतपणाच्या मापात, चुकवावी लागते. तापमान वाढतं तशी ती किंमत वाढत जाते आणि एका टप्प्यावर बंधांचा फायदा तिला पुरेनासा होतो. ड मध्ये नायट्रोजनवर हायड्रोजनच नाही. त्यामुळे तो पाण्याकडून बंध घेतो पण स्वतः देऊ शकत नाही, आणि कोसळलेल्या साखळीत न-न मध्ये जुळतात तसे आपसांतले बंधही त्याला जुळवता येत नाहीत.

आता यादृच्छिक साखळीत कुठल्याही न च्या शेजारी निम्म्या शक्यतेने ड आहे. न चा सलग, कोसळू शकेल असा लांब पट्टा कुठेच तयार होत नाही. अशा साखळीला द्रावक एकच सरासरी घटक समजतो. पॉलिमर द्रावणांच्या फ्लोरी-हगिन्स सिद्धांतात हे सरळ लिहिता येतं : सरासरी परस्परक्रिया गुणांक (दोघांचं किती जमत नाही याचं माप) म्हणजे न चा गुणांक गुणिले न चा अंश, अधिक ड चा गुणांक गुणिले ड चा अंश, वजा दोन्ही अंशांचा गुणाकार गुणिले न-ड परस्परक्रियेचा गुणांक. शेवटचं पद महत्त्वाचं आहे. न आणि ड यांचं आपसात जमत नसेल, म्हणजे तो गुणांक धन असेल, तर ते पद साखळीला अधिक विद्राव्य करतं. एकाच साखळीत बांधलेले नावडते शेजारी पाण्यात पसरून राहणंच पसंत करतात.

खंड-साखळीत सरासरीला अर्थच उरत नाही. न-खंडाला शेजारी फक्त न दिसतात, म्हणून तो स्वतःच्या तापमानाला कोसळू पाहतो. पण ड-खंड त्याला घट्ट बांधलेला आहे आणि ड ला पाण्यातच राहायचंय. न ला पूर्णपणे वेगळं होता येत नाही, ड ला सोडून जाता येत नाही. तडजोड म्हणजे मायसेल : आत न चा गाभा, बाहेर ड ची झालर. झालर जाड असेल तर दोन मायसेल एकमेकांना चिकटत नाहीत, आणि कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान राहतात. निळसर झाक येते, दुधाळपणा येत नाही, याचं कारण हेच.

१८ फेब्रुवारी

डीएलएस, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारांवरून कणांचं माप. कणांची धावपळ मोजून स्टोक्स-आइन्स्टाइन सूत्राने त्रिज्या काढायची. सूत्रात पाण्याची श्यानता असते, आणि ती २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असेल तर ४५ अंशांना ०.६० च्या आसपास उतरते. प्रत्येक तापमानाला तिथली श्यानता घातली नाही तर निव्वळ तापवल्याने कण आकुंचन पावल्याचा भास होईल. शिवाय विखुरणारा प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणून मोजकेच मोठे गठ्ठे लाखो लहान कणांना झाकून टाकतात. दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवूनच आकडे वाचायचे.

२० अंशांना तिन्ही नमुने सारखे : पाच-सहा नॅनोमीटर त्रिज्येच्या सुट्या साखळ्या. थंड पाणी दोन्ही घटकांसाठी चांगला द्रावक आहे, आणि चांगल्या द्रावकात साखळीचा आकार एककांच्या संख्येच्या ०.५८८ व्या घाताने वाढतो, मग क्रम काहीही असो. थंडीत मांडणी जवळपास लपून राहते.

४५ अंशांना यादृच्छिक अजून सुटीच. ड-न-ड चे पंधरा ते वीस नॅनोमीटरचे नीटस कण, वितरण अरुंद. न-ड-न मध्ये तेवढेच कण आहेत, पण शिवाय पुष्कळ मोठे, विखुरलेल्या मापाचे गठ्ठेही आहेत.

जड पाण्यातल्या एनएमआरने साथ दिली. तापवल्यावर ड-न-ड मध्ये ४.० जवळचं शिखर रुंदावत विझतं, ड ची शिखरं धारदार राहतात. गाभ्यातल्या एककांची हालचाल मंदावली, झालरीतल्यांची नाही. यादृच्छिक नमुना या तापमानाला जराही बदलला नाही.

४ मार्च

आता घट्ट द्रावणं. इथे विषय खऱ्या अर्थाने उघडला, म्हणून सविस्तर.

वजनाने १५ टक्के, थंडीत विरघळवलं. तिन्ही मधासारखी वाहती. मग ४५ अंशांच्या पाण्यात ठेवली आणि थोड्या वेळाने उलटी केली. यादृच्छिक आधीपेक्षा सहज वाहिलं, कारण उष्णतेत श्यानता उतरते. ड-न-ड जरा सुस्तावलं, पण वाहिलं. न-ड-न उलट्या बाटलीच्या तळाला चिकटून राहिलं, वाहिलंच नाही. स्वच्छ जेल नाही, थोडं धूसर, पण बोटाने दाबलं तर परत उसळतं. थंड पाण्यात घातलं की पुन्हा द्रव.

ड-न-ड मध्ये न चा एकच खंड, तोही मधला. तो दुमडून गाभ्यात जातो आणि दोन्ही ड बाहेर राहतात. प्रत्येक साखळी एकाच मायसेलची असते, दुसऱ्या मायसेलपर्यंत पोहोचणारं तिच्यात काहीच नाही.

न-ड-न मध्ये दोन्ही टोकं न ची आहेत. साखळीपुढे दोन वाटा. दोन्ही टोकं एकाच गाभ्यात घालायची, मधला ड वळसा घेऊन परत येतो, अशा मायसेलला फूल-मायसेल म्हणतात. किंवा एक टोक एका गाभ्यात, दुसरं शेजारच्या गाभ्यात, आणि ड त्यांच्यामधला पूल. वळशासाठी ड-खंडाला जिथून निघाला तिथेच परतावं लागतं, म्हणजे त्याचं स्वातंत्र्य कमी होतं. पुलासाठी फक्त शेजारी पुरेसा जवळ हवा. पातळ द्रावणात शेजारी दूर असतो म्हणून वळसेच जास्त. घट्ट द्रावणात शेजारी हाताशी असतो आणि पूल वाढत जातात. पुरेसे पूल झाले की बाटलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अखंड जाळं तयार होतं.

मधल्या घट्टपणाला, १ टक्क्याजवळ, वेगळंच दिसलं. न-ड-न चं द्रावण तापवून तसंच ठेवलं तर खाली घट्टसर थर आणि वर पातळ पाणी असे दोन भाग झाले. सेमेनोव, जोआनी आणि खोखलोव यांनी १९९५ मध्ये अशा दोन्ही टोकांनी चिकटणाऱ्या साखळ्यांसाठी हेच भाकीत मांडलं होतं : मायसेल जवळ आले की साखळ्यांना पुलाचा जास्तीचा पर्याय मिळतो, त्या पर्यायामुळे एन्ट्रॉपी वाढते, आणि तेवढ्यानेच मायसेलांमध्ये ओढ निर्माण होते. झालर झालरीला ढकलत असतानाही. ११ फेब्रुवारीच्या धूसरपणाचा आणि डीएलएसमधल्या गठ्ठ्यांचा उलगडा इथे झाला.

पोलोक्झॅमर ४०७ बद्दल इथेच लिहून ठेवतो, कारण या दोन प्रकारच्या जेलची गल्लत नेहमी होते. त्यात मधे पॉलिप्रोपिलीन ऑक्साइड आणि दोन्ही बाजूंना पॉलिइथिलीन ऑक्साइड असतं, वजनाने सुमारे ७० टक्के. म्हणजे मांडणी ड-न-ड सारखी, जलद्वेषी मधे. तरीही २० टक्क्यांच्या आसपास ते थंडीत द्रव आणि खोलीच्या तापमानाला जेल असतं. पण तिथे पूल नाहीत. मायसेल इतके दाटीने भरतात की कुणालाच हलता येत नाही. पाणी घालून दाटी मोडली की जेल संपतं. न-ड-न मध्ये जाळं साखळ्यांनीच विणलेलं आहे. पाण्यात चालणाऱ्या रंगांना दाटपणा देणारे, दोन्ही टोकांना जलद्वेषी शेंडे असलेले पॉलियुरेथेन याच दुसऱ्या तत्त्वावर चालतात, म्हणून त्यांची थोडीशी मात्राही पुरते आणि ब्रश फिरवताना पूल सुटून रंग पातळ होतो.

१२ मार्च

कापण्याचा प्रयोग. या प्रयोगापुरतं आम्लयुक्त बफर नाही, कारण आम्लात अमाइन प्रोटॉन घेऊन बसतं आणि कापत नाही.

न-ड-न च्या १५ टक्के जेलचे दोन भाग केले. एकात ब्युटिलअमाइन आणि क्षपणक. दुसऱ्यात क्षपणक तेवढंच, पण ब्युटिलअमाइनच्या जागी ट्रायइथिलअमाइन, मोलच्या हिशोबाने तेवढंच. दोन्ही जवळपास सारख्या ताकदीचे आम्लारी, मात्र ट्रायइथिलअमाइन प्राथमिक नसल्याने ट्रायथायोकार्बोनेटला त्याच पद्धतीने तोडू शकत नाही. म्हणजे जेल फक्त पीएच बदलल्याने किंवा अमाइन मिसळल्याने मोडत असेल तर दोन्ही मोडतील. थंडीत मिसळून दोन्ही ४५ अंशांवर आणली.

ट्रायइथिलअमाइनची बाटली : पिवळी, जेल, उलटी केली तरी जागची हलली नाही.

ब्युटिलअमाइनची बाटली : सुरुवातीला जेल. मग पिवळेपणा उतरत गेला आणि त्याच्यासोबत जेलचा ताठपणाही. रंग जवळजवळ गेला तेव्हा बाटली तिरकी करताच सगळं एका बाजूला वाहून आलं. तापमान ४५, पॉलिमर १५ टक्के, न आणि ड चं प्रमाण पूर्वीचंच.

नंतर डायलिसिस करून तपासलं. क्रोमॅटोग्राफीत रेणुभार निम्म्यावर. २० अंशांना डीएलएसची त्रिज्या आधीच्या दोन-तृतीयांश. ०.५ चा ०.५८८ वा घात ०.६६५ येतो, म्हणजे साखळी खरंच मधोमध तुटली आहे. आणि ४५ अंशांना मोठे गठ्ठे नाहीसे, फक्त नीटस लहान मायसेल.

पूल मधोमध कापले गेले, पण गाभ्यांना हातही लागला नाही. गंधकाचा गट ड-खंडाच्या मध्यावर, म्हणजे पाण्यात उघडा होता, म्हणून अमाइन तिथे सहज पोहोचलं.

१५ मार्च

कापलेल्या नमुन्याचा एक भाग क्षपणक काढून हवेत उघडा ठेवला होता, मुद्दाम. तो ४५ अंशांना हळूहळू दाट होत गेला. थायॉल टोकं झालरीच्या बाहेरच्या कडेला आहेत, शेजारच्या मायसेलची थायॉल समोर आली की डायसल्फाइड जुळतं आणि न-ड-न पुन्हा तयार होतं, गंधकाच्या नव्या दुव्याने. आधीचा ताठपणा पूर्ण परतला नाही. थोडं क्षपणक घातलं, पुन्हा वाहिलं. मॅडमनी सुरुवातीलाच जे सांगितलं होतं त्याची इतकी नेमकी साक्ष मिळाली की हा भाग मुख्य निष्कर्षांत घ्यायचं ठरलं.

१९ मार्च

ड-न-ड कापलं. इथे गंधकाचा गट न-खंडाच्या मधे आहे, म्हणजे उष्णतेत तो गाभ्यात दडतो. म्हणून कापणं थंडीत, साखळ्या सुट्या असताना.

निकाल शांत, आणि तसाच अपेक्षित. ४५ अंशांना मायसेलची त्रिज्या आधीइतकीच. मायसेल बनायचं तापमान एखाद-दोन अंशांनी वर सरकलं, कारण आता तेवढ्याच वस्तुमानासाठी दुप्पट साखळ्यांना आपलं हिंडण्याचं स्वातंत्र्य सोडावं लागतं. १५ टक्क्यांचं द्रावण आधी वाहत होतं, आताही वाहतं.

मधे दुमडलेली २०० ची न-साखळी आणि शेजारी बसलेल्या दोन १०० च्या न-साखळ्या, गाभ्याला यात फारसा फरक कळत नाही. तीच कात्री, तेच दोन घटक. एका ठिकाणी जेलचं पाणी झालं, दुसऱ्या ठिकाणी जवळपास काही झालं नाही. खंडांची लांबी आणि प्रमाण सांगून पॉलिमरचं वर्णन पुरं होत नाही. चिकटणारे भाग साखळीत कुठे आहेत आणि त्यांना जोडणारं काय आहे, हे सांगितल्याशिवाय द्रावणाबद्दल काहीच सांगता येत नाही, हे म्हणायला आता हाताशी पुरावा आहे.

२ एप्रिल

क्रमशः बदलती साखळी करून पाहिली. न ने सुरुवात, ड पंपाने हळूहळू आत. दोघांची पसंती सारखी असल्याने उतार आपोआप येत नाही, पंपानेच द्यावा लागतो. एक टोक जवळपास नुसतं न, दुसरं ड कडे झुकलेलं, मधे कुठेच सीमा नाही. यासाठी सममित कारक चालत नाही, एका बाजूने वाढणारा घ्यावा लागला, शेपटी नसलेला.

डीएलएसमध्ये पस्तिशीनंतर मायसेल दिसले. मग तापमान चढेल तशी त्रिज्या सावकाश कमी होत गेली, थेट साठपर्यंत. खंड-साखळ्यांत एकदा मायसेल बनले की माप फारसं हलत नाही. इथे आधी नुसत्या न चं टोक गाभ्यात जातं, मग थोडे ड असलेला पट्टा, मग आणखी ड असलेला. गाभा साखळीला आत ओढत जातो आणि झालर आखूड होत जाते. ओकाबे, आओशिमा, शिबायामा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये व्हायनिल ईथरच्या साखळ्यांमध्ये हेच दाखवलं होतं, आपल्याला ते अ‍ॅक्रिलामाइडमध्ये दिसलं.

९ एप्रिल

पुढचा नमुना : असममित न-ड-न, ५०-२००-१५०. प्रमाण आणि लांबी पूर्वीइतकीच, दोन्ही टोकांना न, पण एक टोक आखूड. आखूड न-खंड उशिरा कोसळतो. म्हणून दोन वेगळे टप्पे दिसायला हवेत : आधी लांब टोकांचे साधे मायसेल, द्रावण वाहतं. मग आणखी काही अंशांनी आखूड टोकंही गाभे शोधतील, पूल जुळतील आणि तेव्हाच जेल होईल. सममित न-ड-न मध्ये हे दोन्ही जवळजवळ एकदम घडतं. यासाठी सममित कारक उपयोगाचा नाही, तीन टप्प्यांत एका बाजूने वाढवावं लागेल, आणि प्रत्येक टप्प्यानंतर अवक्षेप. न चा पहिला, ५० चा खंड सोमवारी सुरू करतोय.